फिल्टर तपासायचा कोणी?

(पोस्ट लांबलचक आहे. सवड असेल तेव्हा वाचा. पण घरात पाण्याचं मशीन असेल तर नक्की वाचा.)

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका ग्रामपंचायतीची खरेदीची फाईल बघायला मिळाली. शाळेसाठी आणि दोन अंगणवाड्यांसाठी पाणी शुद्ध करायची मशीनं घ्यायची होती. पैसा वित्त आयोगाचा. फाईलला तीन कोटेशनं जोडलेली. तिन्हींमध्ये 'शुद्धीकरण' हा शब्द एकाच पद्धतीनं चुकलेला. ते सोडा, ते काही नवीन नाही. मी शोधत होतो ती ओळ वेगळी होती. मशीन पाण्यातून नेमकं काय काढतं आणि ते कोणी तपासलंय, हे कुठं लिहिलंय का? कुठंच नव्हतं. अट एकच: 'कंपनी आयएसओ प्रमाणित असावी.'

भाऊसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, "अहो, आयएसओ आहे ना! अजून काय पाहिजे?"

त्यांना हसायचा मला अधिकार नाही. का ते आधी सांगतो.

२००६ ची गोष्ट. पत्रकारितेचा डिप्लोमा करून एका दैनिकाच्या तालुका कार्यालयात लागलो होतो. गावातल्या मंगल कार्यालयात 'मोफत पाणी तपासणी शिबिर' लागलं. टाय लावलेला एक तरुण आला. त्यानं टेबलावर काचेचे दोन ग्लास ठेवले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत धातूच्या कांड्या असलेलं एक यंत्र बुडवलं आणि बटण दाबलं. मिनिटाभरात नळाचं पाणी पिवळं, मग तपकिरी, मग गटारासारखं काळपट झालं. मशीनचं पाणी मात्र जसंच्या तसं. समोर बसलेल्या बायका "अगं बाई!" करून पदर तोंडाला लावतायत, आणि मी फोटो काढतोय.

दुसऱ्या दिवशी तीन कॉलम बातमी. 'नळाच्या पाण्यात घातक द्रव्ये. तपासणीत धक्कादायक वास्तव उघड.' मथळा माझाच. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच कंपनीची पाव पान जाहिरात आली आणि वरिष्ठांनी फोन करून पाठ थोपटली. आमच्या गल्लीत हप्त्यानं आठ-दहा मशीनं बसली. शेजारच्या काकूंनी भिशीचे पैसे घातले. "तू छापलंयस म्हणजे खरंच असणार" असं म्हणाल्या होत्या. हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

पुढं शाळेतल्या आमच्या विज्ञानाच्या सरांनी मला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. ते फार काही बोलले नाहीत. बॅटरी घेतली, दोन खिळे घेतले, डिस्टिल्ड वॉटर घेतलं. खिळे बुडवले, काही झालं नाही. मग चिमूटभर मीठ टाकलं. पाणी बघता बघता गढूळ पिवळं झालं. "घाण कुठून आली सांग," म्हणाले. घाण पाण्यातून आलीच नव्हती, ती खिळ्यातून आली होती. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षारच कमी, त्यामुळं वीज वाहत नाही आणि रंगही येत नाही. त्या टायवाल्याच्या 'शुद्ध' ग्लासात कोणी चिमूटभर मीठ टाकलं असतं, तर त्याचंही गटार झालं असतं.

दोनेक वर्षांनी काकूंच्या नातवाला कावीळ झाली. मेकॅनिकनं मशीन उघडलं तर टाकीत हात घातला की बुळबुळीत लागायचं. टीडीएस मीटर लावलं तर आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा आकडा जवळजवळ सारखाच. म्हणजे पडदा कधीचा निकामी झालेला. मी असं म्हणत नाही की कावीळ मशीनमुळंच झाली. पोरगं शाळेतही पाणी पीत होतं, गाड्यावर गोळाही खात होतं. पण मशीन येण्याआधी काकू रोज पाणी उकळायच्या. मशीन आल्यावर त्यांनी ते बंद केलं. ते बंद व्हायला माझी बातमी कारणीभूत होती. पोरगं बरं झालं, आता पुण्यात नोकरीला आहे. काकूंनी मला एका शब्दानं कधी बोल लावला नाही, हे त्याहून जड जातं.

तेव्हापासून या विषयाचं मिळेल ते वाचत आलोय. आणि लक्षात असं आलं की हा प्रश्न आपल्या गावाचाही नाही आणि आपल्या काळाचाही नाही. फिल्टर विकणाऱ्यानंच फिल्टर तपासायचा, हा धंदा सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

१८९२ साली जर्मनीतल्या हँबुर्ग शहरात पटकी आली. शहर एल्ब नदीचं पाणी न गाळता प्यायचं. साडेआठ हजारांवर माणसं मेली. शेजारचं आल्टोना गाव त्याच नदीचं पाणी प्यायचं, पण वाळूतून गाळून. ते बऱ्यापैकी वाचलं. कॉखनं त्याआधी आठ-नऊ वर्षं पटकीचा जंतू इजिप्तमध्ये आणि आपल्या कोलकात्यात शोधून काढला होता, त्यामुळं 'पाण्यात जंतू' ही कल्पना शिकलेल्या लोकांपर्यंत पोचलेली होती. आणि भीती पोचली की मागोमाग माल पोचतोच. युरोपात घरगुती फिल्टरची बाजारपेठ जोरात होती. कोळशाचे, वाळूचे, दगडाचे, चिनी मातीचे फिल्टर. बहुतेक जाहिरातींत 'पूर्ण शुद्ध'.

त्यांची तपासणी करायचं काम लंडनमध्ये दोन डॉक्टरांनी केलं. सिम्स वुडहेड आणि कार्टराईट वुड. त्यांनी बाजारात मिळणारे फिल्टर घेतले, त्यांतून जंतू मिसळलेलं पाणी सोडलं आणि खाली काय येतं ते बघितलं. १८९४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलनं त्यांचा अहवाल क्रमशः छापला. निष्कर्ष विक्रेत्यांच्या दृष्टीनं वाईट होता. बहुतेक घरगुती फिल्टर जंतू अडवतच नव्हते. पाश्चरचे सहकारी शांबरलाँ यांनी बनवलेली चिनी मातीची नळी मात्र टिकली. बर्केफेल्डचा मातीचा कॅन्डल सुरुवातीला जंतूमुक्त पाणी द्यायचा, पण काही दिवसांत जंतू त्याच्या छिद्रांतून वाढत वाढत पलीकडं पोचायचे.

कोळशाचा हिशेब तर त्याच्याही आधी, १८८५ च्या सुमारास, पर्सी फ्रँकलंड यांनी मांडला होता. नवा कोळसा जंतू छान धरून ठेवतो. काही आठवडे गेले की तोच कोळसा जंतूंचं घर बनतो, आणि वरून घातलेल्या पाण्यापेक्षा खाली येणाऱ्या पाण्यात जास्त जंतू सापडतात. काकूंच्या टाकीतला तो बुळबुळीत थर आठवतोय ना? १८८५.

आपल्याकडं त्याच काळात आग्र्याच्या सरकारी प्रयोगशाळेत हँकिन नावाचा साहेब बसला होता. पटकीवर त्याचा भर फिल्टरपेक्षा विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकण्यावर होता. आमच्या आजोळी विहिरीत 'लाल औषध' टाकायचे, तो त्याचाच वारसा. स्वस्त उपाय, आणि विहीर लाल दिसते म्हणजे औषध पडलंय हे अडाणी माणसालाही कळतं. फिल्टरचं तसं नाही. चालू फिल्टर आणि बंद पडलेला फिल्टर बाहेरून सारखाच दिसतो, पाणीही सारखंच दिसतं, चवही सारखीच लागते. गिऱ्हाईकाला स्वतःच्या डोळ्यांनी, जिभेनं काहीच कळायची सोय नाही. म्हणून तिसरा माणूस लागतो. जो विकत नाही आणि विकतही घेत नाही, असा.

हा तिसरा माणूस पद्धतशीरपणे उभा राहिला अमेरिकेत, आणि गंमत म्हणजे पाण्यासाठी नाही, तर हॉटेलच्या भांड्यांसाठी.

१९४४ साली मिशिगन राज्यात, ॲन आर्बरच्या विद्यापीठातल्या सार्वजनिक आरोग्य विभागात तिघांनी मिळून एक संस्था काढली. वॉल्टर स्नायडर, हेन्री वॉन आणि नेथन सिनाय. नाव नॅशनल सॅनिटेशन फाउंडेशन, आज सगळे एनएसएफ म्हणतात. तेव्हाची अडचण अशी होती की प्रत्येक ठिकाणचा आरोग्य निरीक्षक वेगळा नियम सांगायचा. एका गावात चालणारं काउंटर शेजारच्या गावात चालायचं नाही. कारखानदार वैतागलेले, निरीक्षकही वैतागलेले. या लोकांनी कारखानदार, आरोग्य अधिकारी आणि वापरणारे अशा तिघांना एका टेबलावर बसवलं आणि म्हणाले, नियम तुम्ही सगळे मिळून लिहा, तपासतो आम्ही. १९५२ साली त्यांचं पहिलं मानक आलं. सोडा फाउंटन आणि छोट्या उपाहारगृहांतल्या सामानाचं. पाण्याच्या फिल्टरकडं ते आले १९७० च्या दशकात.

तिथं त्यांनी एक गोष्ट केली जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्यांनी 'फिल्टर चांगला आहे' असा एकच शिक्का काढला नाही. फिल्टर कशासाठी, हे वेगवेगळं केलं. क्लोरीनचा वास, चव, दिसण्यातला गढूळपणा यासाठी मानक क्रमांक ४२. शिसं, परजीवींच्या गाठी अशा तब्येतीला धोका असलेल्या गोष्टींसाठी ५३. अतिनील दिव्यासाठी ५५. आरओसाठी ५८. म्हणजे ४२ चा शिक्का असलेला फिल्टर पाण्याची चव सुधारेल, पण शिसं काढेल की नाही याबद्दल तो शिक्का काहीच बोलत नाही. विकणारा मात्र 'एनएसएफ प्रमाणित' एवढंच मोठ्या अक्षरात छापतो.

तपासणी कशी करतात तेही बघा. ५३ मध्ये शिशासाठी मुद्दाम दर लिटरला १५० मायक्रोग्रॅम शिसं असलेलं पाणी बनवतात. फिल्टरमधून बाहेर येताना ते आधी १० च्या आत, आणि २०१९ पासून ५ च्या आत असावं लागतं. आणि हे पहिल्या दिवशी नव्हे. कंपनी म्हणते हा फिल्टर हजार लिटर चालतो, आणि तो संपल्याचं दाखवणारी काही खूण त्यात नसेल, तर दोन हजार लिटर सोडून बघतात. कारण तपासणाऱ्यांना माहितीय की माणसं फिल्टर वेळेवर बदलत नाहीत. हे वाचलं तेव्हा मला त्या लोकांबद्दल आदर वाटला. त्यांनी माणूस गृहीत धरला होता, काकू गृहीत धरल्या होत्या.

शिवाय कारखान्यावर न सांगता धाड, भागांची यादी, आणि पास झालेल्या मॉडेलची उघडी यादी, जी कोणीही बघू शकतो. यादीत मॉडेल नसेल तर पाकिटावर काहीही छापलेलं असो.

आता कोणी म्हणेल, तपासणीची फी तर कारखानदारच भरतो, मग स्वतंत्र कसलं? बरोबर आहे. फी तोच भरतो. याचं पूर्ण समाधान होईल असं उत्तर माझ्याकडं नाही. पण मानक लिहिणारी समिती वेगळी, आणि त्याच मानकावर तपासून शिक्का देणाऱ्या संस्थाही एकापेक्षा जास्त, आणि त्या संस्थांवर नजर ठेवणारी आणखी एक. एखादीनं सैल काम केलं तर दुसरी टपलेली असते. आपल्याकडं बातमी आणि जाहिरात एकाच माणसाकडून येतात, त्यापेक्षा हे बरं. (हे मी स्वतःलाच म्हणतोय.)

तिकडंही सगळं गोड नाही. एप्रिल २०१४ मध्ये मिशिगनच्याच फ्लिंट शहरानं पैसे वाचवायला नदीचं पाणी घेतलं, ते पाणी जुने पाईप खात गेलं आणि घराघरात शिसं उतरलं. अधिकारी दीड वर्ष 'पाणी ठीक आहे' म्हणत राहिले. शेवटी सरकारनं घरोघर फिल्टर वाटले, आणि ते वाटताना बघितलं काय, तर ५३ चा शिक्का. २०१९ मध्ये न्यूआर्क शहरात शिक्का असलेले फिल्टर वाटल्यावर तीन घरं तपासली, तर दोन घरांत शिसं मर्यादेपेक्षा जास्त आलं. गोंधळ उडाला, बाटल्या वाटाव्या लागल्या. मग मोठी तपासणी झाली आणि ९७ टक्के फिल्टर काम करतायत असं निघालं. या दोन्ही ठिकाणी मला पटलेली गोष्ट एकच. भांडायला काहीतरी हातात होतं. 'हा आकडा लिहिलाय, तुमचा फिल्टर त्यात बसतो का' असं विचारता येत होतं. मंगल कार्यालयात काळं पाणी बघणाऱ्या बायकांच्या हातात काय होतं?

आता आपल्याकडं येऊ.

आपल्या लहानपणी घरात फिल्टर म्हणजे स्टीलचे दोन डबे एकावर एक आणि आत पांढरे कॅन्डल. रविवारी आई ते ब्रशनं घासायची. गाळ, माती आणि बरेचसे जीवाणू त्यात अडायचे. १९८० च्या दशकात दारोदार फिरणारे विक्रेते अतिनील दिव्याची मशीनं घेऊन शहरांत आले. २००० नंतर आरओ आला, आणि मग वीज न लागणारी स्वस्त मशीनं. २००९ च्या डिसेंबरात टाटांचं तांदळाच्या तुसाच्या राखेवर चालणारं मशीन हजाराच्या आत आलं, तेव्हा आमच्या कार्यालयातही त्याची चर्चा होती. त्या काळात जाहिरातींत एक वाक्य फार चालायचं: अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे निकष पूर्ण करणारं.

हे निकष खरे आहेत. अमेरिकेच्या ईपीएनं १९८७ साली ते लिहिले. पाण्यात जीवाणू १० लाख असतील तर बाहेर १ च्या वर येऊ नये, विषाणू १०,००० ला १, परजीवींच्या गाठी १,००० ला १. पण ईपीए कुठल्याही मशीनला प्रमाणपत्र देत नाही. निकष लिहून ठेवलेत, ते पूर्ण होतात की नाही हे कोणीतरी तपासायला लागतं. कोणी तपासलं, हे जाहिरातीत बारीक अक्षरातसुद्धा नसायचं. आणि ती '९९.९ टक्के जंतू नष्ट' ही पाटी. ऐकायला भारी वाटते. १० लाखांतले ९९.९ टक्के गेले तर किती उरतात? एक हजार. हिशेब पाचवीच्या पोराला येतो, पण विचारतो कोण?

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं विचारलं.

तिथले विक्रम वर्मा आणि डॉ. विद्या अरणकल्ले यांनी भारतात सर्रास विकली जाणारी आठ घरगुती साधनं घेतली आणि हेपॅटायटिस-ई म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीचा विषाणू घालून तपासली. २००९ साली निबंध छापून आला. बहुतेक साधनं विषाणू पूर्णपणे अडवू शकली नाहीत. निबंधाच्या शीर्षकातच लिहिलं होतं की गुणवत्ता अपुरी आहे आणि विषाणूंसाठी मानकं हवीत. शास्त्रज्ञ एरवी इतकं स्पष्ट शीर्षक देत नाहीत.

हा विषाणू का निवडला, यालाही इतिहास आहे. नोव्हेंबर १९५५ मध्ये दिल्लीत यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगड नाल्याचं सांडपाणी वझिराबादच्या पाणी उचलायच्या जागी शिरलं. अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं, त्यांनी क्लोरीन वाढवलं. त्यामुळं पटकी, विषमज्वर काही वाढले नाहीत. सगळ्यांना वाटलं सुटलो. काही आठवड्यांनी कावीळ सुरू झाली. अंदाजे २९,३०० रुग्ण. जीवाणू मेले होते, विषाणू टिकला होता. तो हेपॅटायटिस-ई होता हे कळायला पुढं कित्येक वर्षं जावी लागली. आपल्याकडं इचलकरंजीनं २०१२ मध्ये काय भोगलं हे कोल्हापूरकडच्या वाचकांना सांगायला नको.

आणि आकार बघा. मातीच्या कॅन्डलची छिद्रं साधारण मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याच्या काही अंशाइतकी. हा विषाणू एका मायक्रॉनच्या तिसाव्या भागाएवढा. आईनं रविवारी कितीही घासला तरी तो कॅन्डलमधून आरामात जातो. आरओच्या पडद्यातून तो जाऊ नये, पण पडद्याच्या कडेचं रबर सैल असलं तर बाजूनं जातो. अतिनील दिवा त्याला मारतो, पण पाणी गढूळ असलं किंवा दिवा जुना झाला की नाही. दिवा निळा पेटलेला दिसतो, म्हणून घरातले निर्धास्त.

मग आपला शिक्का कुठाय? आहे. इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन स्वातंत्र्याच्या आधी, ६ जानेवारी १९४७ ला सुरू झाली. १९५२ च्या कायद्यानं तिला शिक्का द्यायचा अधिकार मिळाला. १९८७ पासून ती बीआयएस झाली, शिक्का मात्र लोकांच्या तोंडात आयएसआयच राहिला. अतिनील मशीनसाठी आयएस १४७२४ हे मानक १९९९ चं. आरओसाठी आयएस १६२४० यायला २०१५ उजाडलं. तोपर्यंत आरओची मशीनं लाखांनी घरात लागलेली होती.

सगळ्यात विचित्र वाटतं ते हे. बाटलीबंद पाण्याला आयएसआय २००१ पासून सक्तीचा होता. (ती सक्तीही ऑक्टोबर २०२४ मध्ये काढली.) म्हणजे एसटी स्टँडवर एकदा प्यायच्या बाटलीला शिक्का पाहिजे, आणि त्याच वेळी ज्या मशीनचं पाणी घरातलं लहान मूल वर्षानुवर्षं पिणार, त्याला वाटलं तर घ्या, नाहीतर राहू द्या.

मग २०१९ मध्ये हरित न्यायाधिकरणाचा आदेश आला, की पाण्याचा टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथं आरओ नको. त्यावरून कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, मसुदे निघाले, आणि १० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रानं नियम अधिसूचित केले, लागू एक वर्षानं. या सगळ्या वादात चर्चा कशाची झाली? किती पाणी वाया जातं आणि टीडीएस किती. ते प्रश्न खोटे नाहीत, दुष्काळी तालुक्यात राहणाऱ्याला पाणी वाया जाण्याचं मोल सांगायला नको. पण मशीन विषाणू अडवतं का, हा २००९ चा प्रश्न चर्चेतून बाजूला पडला. टीडीएस हा शब्द घरोघरी गेला आणि लोकांना वाटायला लागलं की मीटरचा आकडा कमी म्हणजे पाणी चांगलं. ते मीटर नारळपाण्यात बुडवून बघा, आकडा बघून घाबराल. आणि विषाणू, जीवाणू, दर लिटरला दहा-वीस मायक्रोग्रॅम शिसं, यातलं काहीही त्या मीटरला दिसत नाही.

त्याच वर्षी, २०१९ च्या नोव्हेंबरात, केंद्रानं मोठ्या शहरांच्या नळाच्या पाण्याचे बीआयएसचे अहवाल जाहीर केले. मुंबईचे दहाच्या दहा नमुने पास, दिल्लीचे अकराच्या अकरा नापास. मुंबईतल्या माझ्या चुलतभावानं ती बातमी मला पाठवली, आणि त्याच्या स्वयंपाकघरात तेव्हाही आरओ होता, आजही आहे. भीती अशी सहज जात नाही. उलट यवतमाळ, चंद्रपूरकडं ज्या गावांच्या बोअरला फ्लोराईड आहे, तिथं आरओ चैन नाही, गरज आहे. तिथं मशीन खरंच काम करतं का, हे कोणी बघायचं? तिथल्या मुलांच्या दातांवर आणि हाडांवर उत्तर उमटायच्या आधी बघायला पाहिजे.

आता आयएसओबद्दल, कारण फाईल तिथंच अडलीय. आयएसओ ९००१ हा मशीनचा शिक्का नाही. कंपनीचं कामकाज लिहून ठेवलेल्या पद्धतीनं चालतं, एवढंच तो सांगतो. फायली नीट आहेत, तक्रारींची वही आहे, वगैरे. उत्तम वही ठेवून टाकाऊ फिल्टर बनवता येतो. 'एफडीए मान्यताप्राप्त' लिहिलेलं दिसलं तर त्याचा फिल्टरशी काय संबंध ते विक्रेत्यालाच विचारा, तो काय सांगतो ते मलाही कळवा. 'लॅब टेस्टेड' म्हणजे कुठली लॅब, कुठलं मॉडेल, किती लिटर सोडल्यावर?

आयएसआय असेल तर चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, आयएस पुढं आकडे. खाली सीएम/एल पुढं परवाना क्रमांक. बीआयएस केअर नावाचं ॲप मोबाईलवर फुकट आहे. त्यात तो परवाना क्रमांक टाकला की परवाना कोणाचा, कुठल्या वस्तूचा आणि चालू आहे की संपलाय ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. तो शिक्का असला म्हणजे सगळं झालं असं नाही, पडदा आणि दिवा बदलायचा खर्च आहेच, आणि तो घेतानाच विचारायचा असतो. काकूंना तो कोणी सांगितला नव्हता. मीही बातमीत लिहिला नव्हता, कारण मी विचारलाच नव्हता.

परत फाईलकडं. मी भाऊसाहेबांना हे सगळं सांगितलं, अर्थात इतकं लांबवून नाही. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तुमचं पटतंय हो, पण मार्चअखेरीला निधी परत गेला तर सरपंच मला विचारतील, तुम्हाला नाही." तेही खोटं नाही. तीन कोटेशनांपैकी सगळ्यात स्वस्त मशीनच्या माहितीपत्रकावर आयएसआयचं चिन्ह छापलेलं होतं, म्हणून मी तिथंच बसून ॲप उघडलं. सीएम/एल क्रमांक टाकला. परवाना खरा होता, चालूही होता. पण तो निघाला दुसऱ्या कंपनीचा, आणि वस्तू पाण्याचं मशीन नव्हे, विजेची वायर. मशीनच्या आत ती वायर वापरलेली असेल कदाचित.

भाऊसाहेबांनी चष्मा काढून मोबाईल डोळ्याजवळ नेऊन दोनदा वाचलं. मग माहितीपत्रकाची घडी घालून फाईलमध्ये परत ठेवलं आणि चहा मागवला.

मी माहिती अधिकारात अर्ज दिलाय. मशीनचा चाचणी अहवाल, मॉडेलचा परवाना, आणि सुटे भाग बदलायच्या खर्चाची तरतूद, या तीन गोष्टींची प्रत मागितलीय. सोबत शाळेच्या बोअरच्या पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत द्यायला मुख्याध्यापक बाईंना विनंती केली, कारण पाण्यात काय आहे हे कळल्याशिवाय कुठलं मशीन घ्यायचं हेच ठरत नाही. बाईंनी दुसऱ्याच दिवशी नमुना पाठवला. अर्जाचे तीस दिवस पुढच्या गुरुवारी संपतात. उत्तर आलं की इथंच टाकतो, जसं येईल तसं.